काट्याची सूज आठवड्यात ओसरते, संधिवाताची का ओसरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळ दिंडोरीकडे गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या वडिलांच्या बोटात काटा मोडला. दुसऱ्या दिवशी बोट टम्म सुजलं, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ४८ आला. काटा काढला, औषधं झाली आणि आठवड्याभरात बोट पूर्ववत झालं. घरातच मावशींना ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि त्यांची बोटं गेली काही वर्षं रोज सकाळी सुजलेली असतात. पेशी त्याच, रसायनंही तीच. मग सूज कधी थांबवायची हे ठरवतं कोण, आणि पेशी एकमेकींना ते कळवतात कशा?

आधी मूळ मुद्दा सांगतो. सूज विझवायलाही पेशींना काम करावं लागतं. सुरुवातीचे संदेश आपोआप विरून जातात आणि सगळं शांत होतं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. आता कळलंय की थांबण्याचे संदेश वेगळे असतात, ते बनवणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती बिघडूही शकते. वडिलांच्या बोटात ती चालली. मावशींच्या सांध्यात ती आहे, पण तिचं कुणी ऐकत नाही.

नाशिकचं एक जुनं नाव गुलशनाबाद, त्यामुळे इथे गुलाबाच्या काट्यापासून सुरुवात करणं शोभतंच. योगायोग असा की हे शास्त्रही गुलाबाच्याच काट्यापासून सुरू झालं. १८८२ च्या डिसेंबरात सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर भटक्या पेशींनी काट्याला वेढा घातला होता. त्या अळीला रक्तवाहिन्या नसतात, म्हणजे पेशी रक्तातून वाहत तिथे आल्या नव्हत्या. त्यांना कुणीतरी बोलावलं होतं. या कामासाठी त्यांना १९०८ मध्ये पॉल एर्लिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. बोलावणाऱ्या रसायनांची नावं कळायला मात्र पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली.

आता बोटाकडे येऊ. काटा शिरला की काही पेशी फुटतात आणि त्यांच्या पोटातला माल बाहेर सांडतो: एटीपी हे पेशीचं इंधन, युरिक आम्ल, केंद्रकातलं एचएमजीबी-१ नावाचं प्रथिन. यातलं एकही विष नाही, पण त्यांची जागा पेशीच्या आत आहे. ती बाहेर सापडली म्हणजे घर फुटलं, एवढा अर्थ शेजारच्या पेशींना पुरतो. सोबत काट्यावरचे जिवाणू असतात. त्यांच्या आवरणातले काही तुकडे आपल्या शरीरात कधीच बनत नाहीत आणि ते ओळखण्यासाठी पहारेकरी पेशींवर टोल-सदृश रिसेप्टर (संदेश टिपणारी प्रथिनं, थोडक्यात टीएलआर) बसवलेले असतात. एका प्रकारच्या जिवाणूंच्या आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड हा पदार्थ टीएलआर-४ ओळखतो. अशा रिसेप्टरांवरच्या शोधांसाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस बॉयटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं. म्हणजे पहिला संदेश दुहेरी असतो: घर फुटलंय, आणि बाहेरचा कुणीतरी आत आलाय. दोन्ही आले तर प्रतिसाद जोरात येतो. नुसता मुका मार लागला तर पहिलाच येतो आणि प्रकरण सहसा लवकर मिटतं.

हा संदेश ऐकायला कातडीखाली दोन जणी कायम मुक्कामाला असतात, मास्ट पेशी आणि मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि मलबा गिळणाऱ्या पेशी. मास्ट पेशींकडे हिस्टामाइन आधीच भरून ठेवलेलं असतं, त्यामुळे ते काही सेकंदांत ते मिनिटांत बाहेर पडतं. बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंतीतल्या पेशी किंचित बाजूला सरकतात आणि रक्तातलं पाणी-प्रथिनं बाहेर झिरपतात, म्हणून सूज. प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि ब्रॅडिकायनिन मज्जातंतूंची टोकं हळवी करतात, म्हणून ठणका. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात लिहून ठेवलेली लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणं म्हणजे या संभाषणाचा बाहेरून ऐकू येणारा आवाज.

पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्याच्या हाताला रोज अनेकदा बारीकसं टोचतं आणि प्रत्येक वेळी बोट काही सुजत नाही. त्यामागेही पेशींचा निर्णय असतो. २०१९ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की एखाद-दुसरी पेशी मेली तर जवळचे मॅक्रोफेज आपले हात पसरून ती जागा झाकून टाकतात. धोक्याचं रसायन बाहेर पसरतच नाही आणि न्यूट्रोफिल (जखमेकडे सर्वांत आधी धावणाऱ्या पांढऱ्या पेशी) धावून येत नाहीत. जखम मोठी असली, झाकायला मॅक्रोफेज कमी पडले, तरच आरोळी पुढे जाते. सूज नियंत्रित ठेवण्याची ही पहिली पायरी, आणि बहुतेक वेळा सगळं तिथेच संपतं.

संदेश कोणत्या वाटेने जातात ते बघू. काही पेशी एकमेकींना चिकटून बोलतात. एकीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन दुसरीच्या रिसेप्टरमध्ये बसतं. बाकीचं बरंचसं बोलणं सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांमधून चालतं. ती बाहेर सोडली जातात आणि शेजारी, कधी स्वतः सोडणारी पेशी, तर कधी दूरचं यकृत किंवा मेंदू ती टिपतात. तिसरी भाषा स्निग्ध पदार्थांची, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन आणि ल्यूकोट्राइन यांची. ही पेशीच्या आवरणातून जागच्या जागी बनतात आणि लवकर नष्ट होतात. काही माल बारीक पुड्यांमध्ये बांधूनही पाठवला जातो, पण त्या विषयात शिरत नाही.

‘इंटरल्यूकिन’ (थोडक्यात आयएल) हे नाव १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेनच्या बैठकीत ठरलं. ‘पांढऱ्या पेशींमधलं’ असा त्याचा अर्थ. नाव फसवं आहे, कारण ही रसायनं कातडीच्या, स्नायूंच्या, रक्तवाहिनीच्या पेशीही बनवतात आणि ऐकतात. त्याहून मोठी फसगत म्हणजे ‘हे सूज वाढवणारं, ते सूज कमी करणारं’ अशी यादी पाठ करणं. एकाच शब्दाचा अर्थ तो किती मोठ्याने, कुठे आणि कुणाच्या कानात बोलला गेला यावर ठरतो. टीएनएफ (असाच एक सायटोकाइन) बोटात थोडासा सुटला तर पांढऱ्या पेशींना दार उघडतं. तोच सगळ्या रक्तात उसळला तर सर्वांगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि रुग्ण सेप्टिक शॉकमध्ये जातो. आयएल-६ चा रिसेप्टर यकृताच्या आणि काही पांढऱ्या पेशींवरच असतो. पण तोच रिसेप्टर तुटून रक्तात तरंगायला लागला की आयएल-६ त्याला धरून जवळपास कुठल्याही पेशीशी बोलू शकतो, आणि दीर्घकाळच्या सुजेत हा दुसरा मार्ग जास्त त्रास देतो.

आयएल-१ बीटावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण नियंत्रण म्हणजे काय हे त्याच्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. हे इतकं जोरकस रसायन आहे की शरीराने त्याला बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या लावल्या आहेत. पहिली किल्ली म्हणजे टोल-सदृश रिसेप्टरचा संदेश. तो केंद्रकापर्यंत पोचला की आयएल-१ बीटाचा कच्चा माल बनतो, पण तो निष्क्रिय असतो. दुसरी किल्ली म्हणजे पेशीच्या आत काहीतरी बिघडल्याची खूण: बाहेर सांडलेलं एटीपी, पेशीतून निसटलेलं पोटॅशियम, किंवा गिळलेला टोकदार स्फटिक. मग एनएलआरपी-३ हे प्रथिन इतरांना गोळा करून इन्फ्लमासोम नावाची चकती उभी करतं, त्यात कॅस्पेज-१ जागं होतं, कच्चा माल कापून तयार करतं, आणि पेशीच्या आवरणाला भोकं पडून तो बाहेर जातो.

ही दुसरी किल्ली चुकून फिरली की काय होतं ते पाहायचं असेल तर गाऊट पाहा. पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक असतात, मॅक्रोफेज ते गिळतात आणि रात्रीतून अंगठा असा पेटतो की पांघरूणसुद्धा सहन होत नाही. जिवाणू एकही नसतो. अँटिबायोटिकने गाऊट का उतरत नाही आणि कोल्चिसिनने का उतरतो, याचं उत्तर इथे आहे. कोल्चिसिन पेशीच्या आतली सूक्ष्मनलिकांची वाहतूक अडवतं, त्यामुळे चकती नीट उभी राहत नाही आणि न्यूट्रोफिलची धावही मंदावते.

बोटातले मॅक्रोफेज टीएनएफ आणि आयएल-१ सोडतात तेव्हा त्यांचा खरा श्रोता असतो जवळच्या रक्तवाहिनीचं अस्तर. ते आपल्या आतल्या बाजूला सिलेक्टिन नावाचे चिकट हात काढतं. रक्तातून वेगाने जाणारे न्यूट्रोफिल त्यांना अडखळतात आणि भिंतीवरून गडगडत सरकायला लागतात. भिंतीवर आयएल-८ चिकटवलेलं असतं. ते हुंगलं की न्यूट्रोफिलवरचे इंटिग्रिन ताठ होतात, पेशी घट्ट रुतते आणि दोन पेशींच्या फटीतून बाहेर निसटते. पुढे दिशा रसायनाच्या दाटपणावरून कळते. गल्लीत शिरल्यावर मिसळीच्या तर्रीचा वास जिकडून दाट येतो तिकडे पाय वळतात ना, तसंच.

यातलं एक पाऊल चुकलं तरी सगळं अडतं. काही बाळांमध्ये इंटिग्रिनचा एक भाग जन्मतःच नसतो. अशा बाळाची नाळ महिना उलटला तरी पडत नाही, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट दिसतात आणि जखमेत पू मात्र होत नाही. बोलावणं पोचलेलं असतं, पण येणाऱ्यांना दारातून आत शिरता येत नाही. अशा बाळाचा अहवाल हातात असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोलायला वेळ लावू नका.

न्यूट्रोफिलांची संख्या प्रचंड असते. अस्थिमज्जा दिवसाला साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते. जखमेत पहिले काही तासांत पोचतात आणि सुमारे एका दिवसात त्यांची गर्दी शिगेला जाते. पोचलेले न्यूट्रोफिल ल्यूकोट्राइन बी-४ सोडून आणखी न्यूट्रोफिलांना बोलावतात. ही स्वतःलाच वाढवत नेणारी साखळी कुणी तोडली नाही तर बोटच वितळेल, कारण त्यांची शस्त्रं आंधळी आहेत. प्रथिनं विरघळवणारी एन्झाइम्स आणि क्लोरिनच्या जातीची रसायनं जिवाणू आणि आपलं मांस यांत फरक करत नाहीत. पू म्हणजे बऱ्याच अंशी याच लढाईचा मलबा. ही साखळी तुटते कशी? जमाव दाटला की जीआरके-२ नावाचं एन्झाइम न्यूट्रोफिलचे रिसेप्टर बंद करतं. स्वतःच्याच आरडाओरड्याला ते बहिरे होतात आणि जागीच थांबून जिवाणू गिळू लागतात. २०२१ मध्ये उंदरांत हे दाखवलं गेलं, तेव्हा एक गंमत दिसली. ज्या न्यूट्रोफिलांमध्ये हे एन्झाइम नव्हतं ते जास्त पळत होते, पण जिवाणू मारण्यात कच्चे ठरले.

असे ब्रेक जागोजागी आहेत, आणि ते बाहेरून आणून बसवलेले नाहीत. गाडी सुरू करणारी किल्लीच त्यांनाही चालू करते. एनएफ-कप्पा-बी हा पेशीतला सूज पेटवणारा मुख्य कळदाबा (स्विच). एरवी आय-कप्पा-बी त्याला धरून ठेवतं. संदेश आला की ते नष्ट होतं, कळदाबा केंद्रकात जातो आणि शेकडो जनुकं चालू करतो. त्यांतलंच एक जनुक नव्या आय-कप्पा-बीचं! म्हणून संदेश चालू राहिला तरी कळदाबा दीड-दोन तासांच्या लयीत आत-बाहेर करत राहतो आणि प्रत्येक फेरीत ‘अजून गरज आहे का?’ हे नव्याने विचारलं जातं. आयएल-१ सोबत त्याचा तोतया, आयएल-१ रिसेप्टर अँटॅगनिस्ट, सोडला जातो. तो कुलपात बसतो पण फिरत नाही. मात्र थोडीशी कुलपं उघडली तरी पेशी पेटते, त्यामुळे तोतया शंभरपट किंवा त्याहून जास्त लागतो. टीएनएफचे रिसेप्टर पेशीवरून तुटून बाहेर तरंगतात आणि टीएनएफला वाटेतच पकडतात. एटॅनरसेप्ट हे औषध याच कल्पनेवर बनवलंय, आणि अनाकिन्रा म्हणजे तो तोतयाच बाटलीत भरलेला.

आयएल-१० हा या ब्रेकमधला थोरला. पेटलेले मॅक्रोफेजच थोड्या वेळाने तो सोडतात आणि तो त्यांनाच आवरतो. ज्या बाळांना आयएल-१० किंवा त्याचा रिसेप्टर नसतो त्यांना आयुष्याच्या पहिल्या महिन्यांतच आतड्याचा भयंकर दाह होतो. बाकी सगळं शाबूत असूनही केवळ एक ‘पुरे’ ऐकू न आल्याचा हा परिणाम.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास बोटात भाषा बदलते. ज्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ ने ठणका दिला, तेच न्यूट्रोफिलमध्ये १५-लायपॉक्सिजनेज हे एन्झाइम बनवायला लावतं आणि त्याच कच्च्या मालापासून ल्यूकोट्राइनऐवजी लायपॉक्सिन बनू लागतं. लायपॉक्सिनचा न्यूट्रोफिलांना निरोप: आता येऊ नका. मॅक्रोफेजना निरोप: या आणि आवरा. चार्ल्स सर्हन यांच्या गटाने पुढे माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ पासून बनणारे रिझॉल्विन, प्रोटेक्टिन, मॅरेसिन शोधले. त्यावरून ‘ओमेगा-३ कॅप्सूल घ्या, सूज पळवा’ अशी जाहिरात करणं हे शास्त्राच्या चार पावलं पुढे पळणं आहे. कच्चा माल दिला म्हणजे कारखाना चालू झालाच असं नसतं.

इथे एक रास्त शंका येते: दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं तर हा पालट अडेल का? प्राण्यांमध्ये सुजेच्या शेवटच्या टप्प्यात प्रोस्टाग्लँडिन अडवलं तर सूज रेंगाळते, हे खरं. पण बोटाला दोन-तीन दिवस घेतलेल्या गोळीने बिघडतं असं मानायला आधार नाही. मला जास्त काळजी किडनीची वाटते. पॉलिहाऊसच्या उकाड्यात दिवसभर घाम गाळून, पाणी कमी पिऊन, वर रिकाम्या पोटी या गोळ्या घेणं हे नियमित चालतं आणि ते घातक आहे. नुसत्या ठणक्यासाठी पॅरासिटामॉल बरं.

मरणारे न्यूट्रोफिल कसे मरतात यावरही पुढचं सगळं अवलंबून असतं. शिस्तीत मरणारी पेशी एटीपीसारखा बारीक इशारा सोडून सफाईवाल्याला बोलावते आणि आवरणाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर फिरवून ‘मला गिळ’ असं सांगते. जिवंत पेशीवर मात्र सीडी-४७ असतं, म्हणजे ‘मला नको’. मॅक्रोफेजने असं मढं गिळलं की तो स्वतः बदलतो. टीएनएफ कमी करतो आणि आयएल-१०, टीजीएफ-बीटा सोडायला लागतो. जखम भरायला बोलावणं जातं ते इथून. गिळायला उशीर झाला तर मढं फुटतं, पोटातलं एटीपी आणि एचएमजीबी-१ पुन्हा बाहेर सांडतं आणि पहिल्या दिवसाची आरोळी नव्याने सुरू होते. मधुमेहाच्या पायाची जखम महिनोन्‌महिने चिघळते तिथे हे चक्र दिसतं. मॅक्रोफेज पहिल्याच टप्प्यात अडकून पडलेले असतात. मलम बदलत बसण्याआधी साखर, पायाचा रक्तपुरवठा आणि मेलेलं मांस खरवडून काढणं यांकडे आधी लक्ष का द्यायचं, ते यावरून कळेल.

आता मावशींकडे. काट्याच्या गोष्टीत आतापर्यंत टी-पेशी, म्हणजे ठरावीक शत्रू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी, आल्या नाहीत, कारण आठवड्यात मिटणाऱ्या भांडणात त्यांना वेळच मिळत नाही. डेंड्रायटिक पेशी जखमेतला नमुना घेऊन काखेतल्या गाठीत जातात, तिथे लाखात एखादी जुळणारी टी-पेशी शोधतात, आणि तिला तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. हाताच्या जखमेने काखेत अवधाण येतं ते याचमुळे. या भेटीतही एक किल्ली पुरत नाही. नमुना दाखवणं, सोबत सीडी-८० आणि सीडी-८६ चा दुजोरा देणं, आणि कोणत्या जातीची टी-पेशी व्हायचं हे सांगणारं सायटोकाइन, असे तीन इशारे लागतात. नमुना दिसला पण दुजोरा नाही, तर टी-पेशी थंडावते. स्वतःच्या शरीराविरुद्धच्या टी-पेशी बहुतेक वेळा अशाच गप्प राहतात.

उरलेल्यांना गप्प ठेवायला नियामक टी-पेशी असतात. सीडी-४ नावाच्या टी-पेशींत त्या साधारण ५ ते १० टक्के. त्यांचं काम पाहण्यासारखं आहे. इतर टी-पेशींना वाढायला लागणारं आयएल-२ त्या स्वतःच पिऊन टाकतात. डेंड्रायटिक पेशीवरचं सीडी-८० आणि सीडी-८६ त्या सीटीएलए-४ ने ओढून काढतात, म्हणजे दुजोराच नाहीसा. वर आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा सोडतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांचं मुख्य जनुक फॉक्सपी-३ शोधलं, आणि तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब होतो.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात नियामक पेशी सांध्यात असतात, कधी भरपूर असतात. पण आजूबाजूला टीएनएफ आणि आयएल-६ इतकं असतं की त्यांचं काम क्षीण पडतं आणि पेटलेल्या टी-पेशी त्यांना जुमानत नाहीत. शिवाय ज्यावर राग आहे ते प्रथिन आपलंच, म्हणजे काटा काढून टाकण्याची सोयच नाही. सांध्याचं अस्तर एरवी दोन-तीन पेशींच्या जाडीचं असतं, ते जाडजूड होतं. त्यातल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या साध्या बांधकाम-पेशी आयएल-६ सोडायला लागतात आणि कूर्चा पोखरतात. मॅक्रोफेज त्यांना चिथावतात, त्या मॅक्रोफेजना बोलावतात. या आजाराची खूण असलेली अँटी-सीसीपी प्रतिपिंडं तर सूज दिसायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात सापडू शकतात. म्हणून ‘दुखेल तेव्हा गोळी’ हे धोरण या आजारात हाड गमावण्याचं आहे.

औषधं याच संभाषणात कुठेतरी हात घालतात आणि कुठे घालतात त्यावर त्यांचे धोके ठरतात. मेथोट्रेक्सेट कमी मात्रेत ॲडिनोसिन वाढवून पेशींना शांत करतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर अस्थिमज्जा बसते आणि माणूस दगावतो. ही चूक घराघरांत होते, म्हणून वार ठरवा, चिठ्ठीवर तो वार मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि फॉलिक ॲसिड वेगळ्या वारी ठेवा. (आपल्याकडच्या वायनरीत जाणाऱ्यांसाठी: ही गोळी आणि दारू, दोघांचा भार एकाच यकृतावर पडतो.)

टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं सांध्याला झपाट्याने आराम देतात. पण फुप्फुसात कधीकाळी शिरलेल्या क्षयाच्या जंतूंभोवती मॅक्रोफेजनी बांधलेली भिंत टीएनएफच उभी ठेवतं. ते काढलं की भिंत ढासळते आणि झोपलेला क्षय जागा होतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी मॅन्टू किंवा इग्रा चाचणी झाल्याशिवाय हे इंजेक्शन घेऊ नये. सुप्त क्षय निघाला तर आधी त्याची औषधं किमान महिनाभर चालू हवीत. टोसिलिझुमॅब आयएल-६ चा रिसेप्टर अडवतं. त्याचा सापळा वेगळाच: यकृताला आयएल-६ ऐकू येत नाही, म्हणून सीआरपी बनतच नाही. रुग्णाला न्यूमोनिया असला तरी सीआरपी शून्याजवळ दिसू शकतो. मावशी हे औषध घेत असतील आणि त्यांना दम लागला, तर ‘सीआरपी नॉर्मल आहे’ यावर विसंबू नका, आणि डॉक्टरांना औषधाचं नाव आधी सांगा.

स्टेरॉइड एका वाक्याला हात लावत नाही, सगळ्या सभेचाच आवाज खाली करतं. कोविडमध्ये त्याची वेळ किती महत्त्वाची हे आकड्यांत दिसलं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिग्रॅ डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, दिलं. व्हेंटिलेटरवरच्यांचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, ऑक्सिजनवरच्यांचे २६.२ वरून २३.३ वर. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना फायदा दिसला नाही. पहिल्या आठवड्यात विषाणूशी लढणाऱ्या पेशींचं बोलणं बंद पाडून काय साधणार? स्टेरॉइडवर असताना रक्तातले न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात, कारण भिंतीला चिकटलेले सुटून प्रवाहात येतात. त्याला लगेच जंतुसंसर्ग समजू नये. आणि तीन आठवड्यांहून जास्त घेतलं असेल तर मनाने एकदम थांबवू नये. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल तोवर झोपलेलं असतं.

आता सीआरपी ४८ चं. आयएल-६ चा निरोप मिळाला की यकृत सीआरपी बनवतं. तो ६ ते ८ तासांत वाढू लागतो आणि साधारण ४८ तासांत शिखर गाठतो. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून नाशिककर पूर किती आला ते सांगतो, पण ते पाणी पावसाचं की गंगापूर धरणातून सोडलेलं, हे मारुती सांगत नाही. सीआरपी तसाच. बोट, दात, मूत्रमार्ग, सांधा, कुठूनही तो वाढतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं, म्हणजे उगम बंद झाला तर ४८ चे २४, मग १२, मग ६ व्हायला अडीच दिवसांच्या आसपास लागतात. उपचार सुरू होऊन तीन दिवसांनीही तो निम्म्यावर आला नसेल तर कुठेतरी पू साचलाय, काटा राहिलाय किंवा औषध चुकलंय, असं धरून चालावं. अहवाल वाचताना एकक बघा. काही लॅब मिग्रॅ प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. ४.८ आणि ४८ हे एकाच रक्ताचे आकडे असू शकतात. ईएसआर ही सुजेची दुसरी रक्तचाचणी. तो मात्र सूज ओसरल्यावरही आठवडे रेंगाळतो आणि रक्त कमी असेल तरी वाढतो, त्यामुळे आपल्याकडच्या बायकांमध्ये एकट्या ईएसआरवरून संधिवात ठरवणं चूक.

पुढच्या वेळी काटा मोडला तर वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. जखमेत हळद भरू नका, ती निर्जंतुक नसते. शेवटच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनला पाच वर्षं होऊन गेली असतील तर टीडी घ्या. बोट सगळीकडून सारखं सुजलंय, अर्धवट वाकलेलंच राहतंय, सरळ करताना कळ जाते आणि तळव्याच्या बाजूने दाबलं की बोटभर दुखतंय, तर तो कंडराच्या आवरणातला पू असू शकतो. त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जा, सकाळची वाट पाहू नका. काही आठवड्यांनी हातावर वरच्या दिशेने ओळीने गाठी उठल्या तर स्पोरोथ्रिक्स बुरशीचा विचार व्हायला हवा. गुलाबाचा काटा ती नेमकी वाहून आणतो आणि नेहमीच्या अँटिबायोटिकने ती जात नाही.

आणि एकच सांधा महिना-दोन महिने अधूनमधून सुजत राहिला, अँटी-सीसीपी निगेटिव्ह आला, तर तो संधिवात म्हणून औषधं सुरू करण्याआधी काट्याचं टोक आत राहिलंय का ते पाहा. लाकडी तुकडा पचत नाही, मॅक्रोफेज त्याला गिळू शकत नाहीत, आणि जंतू नसतानाही त्यांचं बोलावणं चालूच राहतं. साध्या एक्स-रेत काटा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. सोनोग्राफीला जाताना तो कुठून शिरला होता तिथे पेनाने खूण करून जा.